नऊ टिंबं

दयानंद हे नाव मी आधी टाइप केलं, माणूस नंतर पाहिला.

भूगावात हे असंच चालतं. आमचं खालचं शेत गेलं, तिथं सोसायटी उभी राहिली, आणि वरच्या तुकड्यावर आप्पांनी तीन मजले चढवून खोल्या भाड्यानं द्यायला काढल्या. तळमजल्याच्या पुढच्या खोलीत माझं ऑफिस. एक जुना डेस्कटॉप, एक प्रिंटर आणि अंगठा घ्यायचं छोटंसं यंत्र. गावातल्या घरमालकांचे भाडेकरार मी ऑनलाइन नोंदवून देते. सगळे अकरा महिन्यांचे. अकरा महिने भरले की नवा कागद, नवा अंगठा.

तर ‘दयानंद, राहणार परभणी’ असं टाइप करताना माझ्या डोळ्यांसमोर मफलर गुंडाळलेले पन्नाशीचे गृहस्थ होते. आणि सप्टेंबरातल्या त्या भुरभुर पावसात दारात येऊन उभा राहिला तो... सव्वीस-सत्तावीसचा, खांद्यावर लॅपटॉपची बॅग, केसांतून पाणी निथळतंय.

“ताई, अंगठा इथंच द्यायचा का?”

ताई! मी मान डोलावली आणि यंत्र पुढं सरकवलं. यंत्र काही त्याचा अंगठा घेईना. बोटं ओली, गारठलेली. दोनदा लाल दिवा लागला. शेवटी मी ओढणीच्या टोकानं त्याचा अंगठा खसाखसा पुसला आणि माझ्याच हातानं काचेवर दाबून धरला.

“असा. सरळ. हलवू नका.”

हिरवा दिवा लागला.

“घेतला?” त्यानं विचारलं.

“घेतला.”

“मग... सोडा की आता.”

मी हात असा मागं घेतला, जसा तव्याला लागलाय! तो हसला नाही, पण त्याचे डोळे हसत होते. त्या दिवसानंतर त्यानं मला पुन्हा कधी ताई म्हटलं नाही. मी ते लगेच टिपलं होतं.

मग दिवस गेले. सकाळी तो गाडीला किक मारायचा आणि मी कारण नसताना दारात पाणी शिंपडायला जायचे. परभणीहून त्याच्या आईनं पाठवलेले धपाटे आमच्या ताटात यायचे, आमच्या आईची भाकरी जिन्यानं वर जायची. एकदा, फक्त एकदा, सूसला मैत्रिणीकडे जाते असं घरी सांगून मी त्याच्या गाडीवर बसून कासारसाईला गेले. धरणाच्या भिंतीवर बसून आम्ही एकच कणीस दोघांत खाल्लं. वाऱ्यानं माझी ओढणी त्याच्या तोंडावर जात होती. मी ती आवरत नव्हते आणि तोही बाजूला करत नव्हता. पण बोललं कुणीच नाही. मला वाटायचं, त्यानं बोलावं. मुलीनं... तेही घरमालकाच्या मुलीनं आपण होऊन कसं बोलायचं? गाव काय म्हणेल, भाडेकरूच ठेवून घेतला?

जुलैच्या शेवटी माझा कीबोर्ड गेला. खिडकीतून झिरपलेलं पाणी त्यात मुरलं होतं. मी तो उलटा धरून टेबलावर आपटत होते आणि दयानंद जिना उतरत होता.

“कुणावरचा राग काढायलात त्याच्यावर?”

“तुमच्यावरचा,” मी म्हणाले. उगाचच.

दहा मिनिटांत तो स्वतःचा कीबोर्ड घेऊन आला. काळा, हलका, वायर नसलेला. कंपनीनं त्याला नवा दिला होता, म्हणून हा माझ्यासाठी. वरच्या कोपऱ्यात तीन बटनं होती.

“तीन कॉम्प्युटर लक्षात ठेवतो हा. एकवर माझा आहे. दोनवर तुमचा जोडू.”

जोडू म्हणाला खरा, पण तो काही जोडला जाईना. दोनचं बटन दाबलं की त्यावरचा बारीक पांढरा दिवा लुकलुकायचा, लुकलुकायचा आणि विझायचा. पहिल्या दिवशी त्यानं सेल बदलले. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर दोनदा बंद करून चालू केला. तिसऱ्या दिवशी तो सरळ टेबलाखाली शिरला.

“दिसतंय का काही?”

“बघायलोय.”

“बघायलोय काय? बघतोय म्हणावं माणसानं.”

“तुमच्या आई तर बघतुया म्हणतात. त्यांना नाही बोलत कधी!”

तो बाहेर आला तेव्हा केसांत कोळ्याचं जाळं अडकलेलं. मी ते काढलं. जरा जास्तच वेळ लावून काढलं.

तेवढ्यात शेजारचा गेणबा दारात उगवला. त्याचा करार आठवडाभर माझ्याकडे पडून होता. पडद्यावरच्या अक्षरांवर माऊसनं एकेक टिचकी मारत मी कसंबसं काम रेटत होते.

“आगं शुभांगे, माझा करार कवा व्हायचा? भाडेकरू आला, त्याचं सामान आलं, मांजर बी आलं!”

“कीबोर्ड जोडला जात न्हाई, गेणबा.”

“मग दुसरा आण की! चांदणी चौकातली दुकानं काय बंद हायेत व्हय? दोघं शिकलेली हायसा आन् तीन दिस झालं, नुसतंच त्याच्याकडं बघताय!”

मी प्रिंटरकडे बघायला लागले, दयानंद छताकडे. गाडीनं दहा मिनिटांवर नवा कीबोर्ड मिळत होता आणि आम्हा दोघांनाही तो नको होता.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, तो सेल हातात खेळवत म्हणाला, “कंपनीनं हैदराबादला जागा दिलीय. सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचंय.”

“अरे वा,” मी म्हणाले. अरे वा! जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

“इथला करार पण चौदा तारखेला संपायलाय.”

“माहितीये. मीच टाइप केलाय.”

“रोहितला विचारलंत म्हणे, पुढं वाढवायचा का.” रोहित त्याच्या शेजारच्या खोलीत राहायचा.

“विचारावं लागतं. आधी घरमालकानं विचारायची पद्धत आहे.”

“तेच म्हणतोय...” तो सेलकडे बघत राहिला. “मला नाही विचारलंत.”

दहावा महिना लागला की मी प्रत्येक भाडेकरूच्या दारात उभी राहून विचारते, राहताय ना पुढं? त्याच्यासाठी तीनदा जिना चढले होते आणि तीनदा तशीच परत आले होते. त्याला विचारलं असतं तर ते खोलीबद्दलचं विचारणं उरलंच नसतं. त्यालाही ते ठाऊक होतं. मी राहा म्हटलं असतं तर तो राहिला असता, इतकं साधं होतं ते.

“आप्पांना विचारून सांगते,” मी म्हणाले.

आप्पांनी आजवर एकाही भाडेकरूचं नाव लक्षात ठेवलेलं नाही. दयानंदनं मान हलवली आणि तो वर गेला.

शनिवारी सकाळी मी एकटीच होते. बाहेर रिपरिप लागलेली. मी कीबोर्ड मांडीवर घेऊन फडक्यानं पुसत बसले. पुसता पुसता एकचं बटन दाबलं गेलं. दिवा लुकलुकला नाही, क्षणभर स्थिर लागला आणि विझला. मला वाटलं, सेल पुन्हा संपले. बंद पडलेल्या कीबोर्डवर काहीही टाइप करता येतं, कुणाला कळणार आहे? माझ्या पडद्यावर तर काहीच उमटत नव्हतं. मी टाइप केलं. jau nakos. तोंडानं मी त्याला कायम तुम्ही म्हणायचे. बोटांनी त्या दिवशी तू म्हटलं. वाटलं, जणू मी ते गावच्या चावडीवर ओरडून सांगितलंय. आणि मग सवयीनं... एंटर दाबलं.

सोमवारी सकाळी ऑफिसला जायच्या आधी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“शनिवारी दहाच्या सुमाराला काय करत होतीस?”

तू म्हणाला. पहिल्यांदाच.

“का?”

“मी वर चहा घेऊन बसलो होतो. कॉम्प्युटर चालू केला होता, पासवर्ड टाकायचा होता. मी हातसुद्धा लावला नाही आणि चौकटीत आपोआप टिंबं उमटायला लागली. एकेक करून. नऊ टिंबं. मग खाली आलं, पासवर्ड चुकीचा आहे.”

मी फडकं उचलून टेबल पुसायला लागले.

“आधी वाटलं भूतबीत आहे. मग डोक्यात आलं, एकचं बटन अजून माझ्याच कॉम्प्युटरला जोडलेलं आहे.” तो थांबला. “काय टाइप केलंस?”

“काही नाही. धूळ पुसत होते.”

तो हसला. मग हसू हळूहळू गेलं.

“धूळ पुसताना शेवटी एंटर कोण दाबतं, शुभांगी?”

मी फाटकाकडे बघत राहिले. तो वाट बघत राहिला. आई आत होती, पण कुकरच्या शिट्ट्यांत तिला काही ऐकू आलं नसतं. सांगायला मला एकही अडचण नव्हती, हेच आज सगळ्यात जास्त टोचतं.

“बरं, मी माझं सांगतो,” तो म्हणाला. “तुझ्या कॉम्प्युटरमध्ये ब्लूटूथच नाही. फार जुना आहे तो. कीबोर्ड जोडला जाणं शक्यच नव्हतं. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

“मग चार दिवस काय केलंत?”

“सेल बदलले.” त्याचे कान लाल झाले होते. “झालं माझं सांगून. आता तू सांग.”

मलाही दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मोबाइलवर वाचलं होतं मी, आणि गप्प बसले होते, तो रोज यावा म्हणून. निदान तेवढं तरी सांगायचं! अर्धी वाट तो चालून आला होता. मला नुसतं एक पाऊल टाकायचं होतं.

“आप्पांना विचारलं,” मी म्हणाले. “ते म्हणाले, तुमची मर्जी.”

मग खिशातून नखाएवढा एक काळा तुकडा काढून त्यानं टेबलावर ठेवला.

“हे कॉम्प्युटरच्या मागं लावा. मग जोडला जाईल.”

लावा म्हणाला. पुन्हा तुम्ही. तो फाटकातून बाहेर पडल्यावर मी ते लावलं. दोनचा दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. त्या दिवशी मी गेणबाचा करार पूर्ण केला आणि त्यात चार चुका केल्या.

चौदा तारखेला तो गेला. आईनं आंबेमोहराची पिशवी त्याच्या हातात दिली, तो तिच्या पाया पडला. माझ्याकडे बघून म्हणाला, “येतो,” आणि रिक्षात बसला. रिक्षा वळणाआड जाईपर्यंत आई फाटकातच उभी होती.

“लई गुणाचं पोरगं हाय,” ती म्हणाली. “विचारायचं तरी व्हतंस गं, ऱ्हातो का म्हणून. आमी काय न्हाई म्हणलो असतो व्हय?”

मी आत आले आणि मोरीचा नळ सोडून रडले.

आता त्याला दोन वर्षं होतील. त्याच्या खोलीत कौस्तुभ आणि स्वरदा राहतात, लग्न नुकतंच झालेलं. करार करताना स्वरदाचा अंगठा लागेना, तर कौस्तुभनं तो आपल्या शर्टाला पुसून दिला. मी यंत्राकडे बघत राहिले. यंदा दहाव्या महिन्याची वाटही न बघता मी त्यांना विचारून टाकलं, राहताय ना पुढं?

करार सगळे त्याच कीबोर्डवर होतात, दोनचं बटन दाबून. पण एखाद्या सकाळी ऑफिस रिकामं असलं की मी एकचं बटन दाबते. दिवा लुकलुकतो. त्याचा कॉम्प्युटर हैदराबादला आहे, इथून काही पोचणार नाही, हे मला कळतं. तरी मी ती नऊ टिंबं टाइप करते. सावकाश, एकही अक्षर न चुकवता. आणि शेवटी एंटर दाबते.

“काय करतीयास गं एकटीच?” आई आतून विचारते.

“काही नाही,” मी म्हणते. “धूळ पुसतेय.”