पाचवा ठोका

ही गोष्ट खरी आहे. माझ्याकडे फोटो नाही, व्हिडिओ नाही. माझा मोठा मामा आहे, आणि त्याने उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाला चांगला पार्ट खराब म्हणून सांगितलेला नाही. मला तेवढा पुरावा पुरतो. तुम्हाला पुरत नसेल तर इथेच थांबा.

अमावस्येची रात्र वगैरे शोधू नका. थंडीतला शनिवार होता. दुपारचे साडेतीन. बाहेर लख्ख ऊन.

मामा मोटार मिस्त्री. जुन्या गाडीतला आवाज शोधण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर ठेवायचं, मूठ कानाला लावायची, की याला आतलं सगळं कळतं. पण काही आवाज गाडी पळतानाच येतात. त्याला दोन माणसं लागतात. एक चालवणारा, दुसरा डिकीत आडवा पडून कान देणारा.

डिकीतला माणूस म्हणजे माझा धाकटा मामा. अंगाने इतका बारीक की सगळे त्याला काडीच म्हणायचे.

काडीला आवाज सापडला की तो पान्याने ठोकायचा. एक ठोका... पुढचं डावं चाक. दोन, पुढचं उजवं. तीन, मागचं डावं. चार, मागचं उजवं.

पाच म्हणजे काही नाही.

अकरा वर्षांपूर्वी एका गाडीत पाच ठोके आले. मग सहा. मग मोजता येईनात. काडी हाडाचा टवाळ, डिकीत पडल्या पडल्या ताल धरायची त्याला खोड. मामा हसून ओरडला, "बँड लावलास का रे, गाढवा?"

ठोके थांबले.

कंटाळला असेल, असं समजून मामा आणखी चार किलोमीटर गेला.

सायलेन्सर वरून फुटला होता. धूर डिकीत भरत होता. आत काडी होता.

लोक म्हणाले, अपघात. कसला डोंबलाचा अपघात! दोन शहाण्या भावांनी चार चाकांसाठी चार खुणा ठरवल्या आणि "थांब" म्हणायला एकही ठेवली नाही. हे मी मामाच्या तोंडावर बोललोय. तो म्हणाला, "खरंय."

तेव्हापासून मामा एकटाच काम करतो. मदतीला कुणी नाही. डबा एकटा खातो, रेडिओही लावत नाही. आणि कुठल्याही गाडीची डिकी तो स्वतः उघडत नाही. गिऱ्हाइकाला उघडायला लावतो, आणि तेवढा वेळ तोंड फिरवून उभा राहतो.

तर त्या शनिवारी चष्म्याच्या दुकानातली बाई गाडी घेऊन आली. गाडी तिच्या वडिलांची, चोवीस वर्षं जुनी. वडील दोन वर्षांपूर्वी गेले.

"मागून टक टक येतं," ती म्हणाली. "तीन गॅरेजं झाली. सगळे हसतात."

"का?"

"कुणी शेजारी बसलं की येत नाही. मी एकटी असले की येतं."

मामा हसला नाही.

"उद्या पहाटे बहिणीकडे निघायचंय. सहा तासांचा रस्ता, एकटीच. तेवढं बघा ना, काका. डोकंही फार दुखतं हल्ली गाडीत." मग ती जरा खाली बघून म्हणाली, "खरं सांगू? आधी आधी बरंच वाटलं. म्हटलं, चला, कुणीतरी सोबतीला आहे."

मामाने गाडी उचलून खालून पाहिली. बेअरिंग ठीक. शॉकॲब्सॉर्बर ठीक. सायलेन्सर तर त्याने सगळ्यात आधी पाहिला, तो प्रत्येक गाडीत आधी तेच बघतो. ठीक दिसला. बाईला शेजारी बसवून एक चक्कर मारली. आवाज नाही.

"बघितलंत? मला वेड्यात काढायला या गाडीला बरोबर अक्कल येते," बाई वैतागली.

"तुम्ही इथेच बसा, बाई. मी एकटा जाऊन येतो."

जुन्या कारखान्याच्या मागचा सरळ रस्ता. दोन्ही बाजूंना बंद शटरं. मामाने काचा वर केल्या, कान मागे लावले.

किलोमीटरभर काही नाही.

मग...

टक. टक. टक.

मागचं डावं, मामाच्या मनात आपोआप आलं.

टक.

चार.

स्टेअरिंग घट्ट धरून तो पुटपुटला, "बास. आता बास कर."

टक.

पाच.

मग सहा. मग मोजता येईनात. घाईघाईने, वेडेवाकडे, मागच्या सीटच्या पाठीमागून... पान्याचे ठोके. लोखंडावर लोखंड. हा आवाज त्याने दुसऱ्या कशाचा म्हणून ओळखला असता तर बरं झालं असतं.

मामाने करकचून ब्रेक मारला.

ठोके थांबले.

तो डिकीपाशी गेला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने डिकीचं हँडल धरलं. किती वेळ नुसता धरून उभा होता, ते त्यालाही माहीत नाही.

उघडली.

आत कुणी नव्हतं. पानासुद्धा नव्हता. फक्त धुराचा भपकारा तोंडावर आला.

त्याने मॅट उचलली. तळाचं रबरी बूच गळून पडलेलं. त्या भोकातून खाली सायलेन्सरची वरची बाजू दिसत होती... गंजून फाटलेली, तळहाताएवढी. कुणीतरी वरच्या वर पत्र्याची पट्टी मारून वेळ मारून नेली होती, तीही उचकटलेली. ती फट खालून कधीच दिसली नसती. बाई थंडीत काचा लावून सहा तास हाच धूर घेत गेली असती.

मामाने सायलेन्सर बदलला, नवं बूच बसवलं. मग पुन्हा एकटाच त्याच रस्त्यावर गेला. ही चक्कर गाडीसाठी नव्हती.

काहीच आवाज नाही.

मामा गाडीशी बोलावं तसं मोठ्याने बोलला. "या वेळी थांबलो रे, काडी."

शांत.

"ऐकतोयस का?"

बराच वेळ काहीच नाही. मग, अगदी हळू...

टक.

एकच.

एक म्हणजे पुढचं डावं. मामाने सवयीने त्या बाजूला पाहिलं. चाक कुठून दिसणार? दिसली शेजारची सीट. तिचं रेक्झीन खाली दबलं होतं. बारीक माणूस बसल्यावर दबतं, तेवढंच.

बाईची गाडी बिनआवाजाची परत गेली. बहिणीकडे पोचल्यावर तिने फोन केला. "डोकं नाही दुखलं, काका. आवाजही गेला." थोडं थांबून म्हणाली, "पण गाडी रिकामी वाटते हो आता."

मामाने फोन ठेवला.

परवा मी त्याच्या गाडीतून गेलो. पुढचं दार उघडलं तर म्हणाला, "मागे बस."

मी मागे बसलो. कडाक्याची थंडी होती. मामाने स्वतःची काच लावली. पुढची डावी मात्र पूर्ण खाली ठेवली.

"ती पण लाव की," मी म्हटलं.

"राहू दे," मामा म्हणाला. "त्याला हवा लागते."

मी पूर्ण रस्ता त्या सीटकडे पाहिलं नाही.