कॅमेऱ्याशेजारची खुर्ची

“ही खुर्ची माझी आहे,” तो म्हणाला.

ती दचकून उठली. कास्टिंग वर्कशॉपचा पहिला दिवस, आणि बाईसाहेब बसल्या त्याही नेमक्या दुसऱ्याच्या जागेवर!

“सॉरी हं. खुर्चीवर नाव दिसलं नाही.”

“माझं नाव कुठेच नसतं. म्हणून तर ही मिळाली.”

त्याचं कामच तसं होतं. कॅमेऱ्याला खेटून बसायचं आणि सीन करणाऱ्याला समोरच्या पात्राची वाक्यं वाचून द्यायची. क्यू द्यायचे. तेही अगदी सपाट, हवामानाचा अंदाज सांगावा तसे. सगळे त्याला क्यूवालाच म्हणत. हा माणूस प्रेमाची कबुलीसुद्धा लाइटबिल वाचल्यासारखी देईल, असं तिला वाटायचं.

“जरा जीव ओतून वाचलंत तर तुमचं काही बिघडेल का?” तिने एकदा जिन्यात विचारलं.

“माझं नाही, तुमचं बिघडेल. मी चढलो की तुम्ही पडणार. मॅडमचं लक्ष माझ्याकडे जाईल.”

“लक्ष जाण्यासारखं आहे काय तुमच्यात?”

“बघा की...”

तिने बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं, हे तिला घरी पोचल्यावर उमगलं.

एरवी त्या खोलीत बघण्यासारखं होतं काय? काळा रंग मारलेल्या खिडक्या, जमिनीवर उभं राहायच्या जागी चिकटपट्टीची फुली, एसीखाली ठेवलेली बादली आणि मोबाइलमध्ये मान घातलेल्या, वर्कशॉप घेणाऱ्या मॅडम. दर शनिवारी ती फुलीवर उभी राहून जीव तोडून रडायची आणि मॅडम मान वर न करता म्हणायच्या, “थँक यू!” इतक्या गोड आवाजात ‘नाही’ म्हणणारं माणूस तिने दुसरं पाहिलं नव्हतं. नायिकेसाठी तिचं वय जास्त होतं, आईसाठी कमी. मैत्रिणीच्या भूमिकेसाठी म्हणे चेहरा फार दुःखी. आता तो त्या ‘थँक यू’मुळेच तसा झाला, हे कोणाला सांगायचं?

घरी वहिनी दारातच गाठायची. “आल्या आमच्या हिरोईन! आज रडायचं होतं का हसायचं?”

“रडायचं.”

“मग जमलं असेल!” वहिनी हसायची आणि गरम जेवण पुढे ठेवायची. मनाने वाईट नव्हती ती. तिनेच शेवटी दातांच्या दवाखान्यात शब्द टाकून ठेवला. “सोमवारपासून जा. तिथे सगळे आ वासूनच बसतात. असे प्रेक्षक कुठे मिळायचे तुला?”

दादाने दवाखान्याचा पत्ता लिहून दिला. ते तिला जास्त लागलं. एकच शनिवार उरला होता, आणि त्या दिवशी मॅडम खरोखरच एका मालिकेसाठी माणसं निवडणार होत्या.

“सोमवारपासून मी दातांच्या दवाखान्यात,” सीनआधी तिने त्याला सांगितलं.

“दाढ दुखतेय?”

“नोकरी लागलीय. हा माझा शेवटचा शनिवार.”

तो पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होता. ते काही केल्या लागेना. “अच्छा,” तो म्हणाला. सपाट.

सीन साधा होता. नवरा कायमचा परगावी निघालाय आणि बायको त्याला अडवत नाही. ती फुलीवर उभी राहिली आणि कधी नव्हे ते सगळं आपसूक जमत गेलं. आता त्याचं वाक्य, मग तिचं शेवटचं, की झालं.

“एकदा थांब म्हण...” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरला. “मी थांबतो.”

तिने चमकून त्याच्याकडे पाहिलं. ओठांवर आलेलं वाक्य पार पुसून गेलं. बादलीत पडणारं थेंब थेंब पाणी ऐकू येऊ लागलं. मॅडमनी मान वर केली... पण तिच्याकडे नाही.

“अरे! तू कुठे होतास इतके दिवस? उभा राहा तिथे. बॅटरी बदलू दे, मग घेऊ तुझा सीन. आणि ए, तू त्याला क्यू दे.”

‘ए’ म्हणजे ती.

बाहेरच्या बोळात तिला रडू आवरेना. “मी चढलो की तुम्ही पडणार, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?”

“हो.”

“मग?”

“तुम्ही शेवटचा शनिवार म्हणालात... आवाजाने माझं ऐकलंच नाही.”

“कीव आली माझी?”

“कीव काय अशी येते? झोप उडवणारी?” तो खाली बघत म्हणाला. “मी नाही म्हणून सांगतो. तुमचा सीन परत घ्यायला लावतो.”

“त्या नाही घेणार. आणि तुम्ही नाही म्हणालात, तर माझ्यासारखेच तुम्हीही हात हलवत परत जाल, एवढंच.”

शूटिंग खूप लांबच्या गावी, वर्षभराचं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

ती त्याच्या खुर्चीत बसली. समोर फुलीवर तो. एक हुंदका, फक्त एक, तिने वाक्यात मिसळला असता तर मॅडमची मान तिच्याकडे वळली असती. आज पहिल्यांदा तिला रडायला जोर करावा लागणार नव्हता.

“एकदा थांब म्हण,” तो म्हणाला. “मी थांबतो.”

तिने खुर्चीच्या फाटक्या रेक्झिनमध्ये नखं रुतवली आणि लाइटबिल वाचावं तसं वाचलं—

“जा. उशीर होईल.”

त्याचे डोळे भरून आले. मॅडम मोबाइल ठेवून उठून उभ्याच राहिल्या. तिला कोणी थँक यूसुद्धा म्हटलं नाही.

आता ती दवाखान्यात बसते. “पुढचे!” म्हणते. डॉक्टर म्हणतात, तुमचा आवाज शांत आहे, पेशंट घाबरत नाहीत. रडायचे सीन संपले, तरी घरी जाताना शनिवारी पाय त्या जिन्यापाशी रेंगाळतातच.

एका दुपारी फोन वाजला.

“अपॉइंटमेंट हवी होती.”

तिने पेन खाली ठेवलं. मग उचललं. “कुठला दात?”

“अक्कलदाढ. फार उशिरा आली.”

“कधीची देऊ?”

“इथलं काम संपायला अजून बरेच महिने आहेत. तोवर... दुसऱ्या कोणाला देऊ नका म्हणजे झालं.”

समोर पेशंट गालाला हात लावून बसले होते. ती खुर्चीत सरळ झाली, आवाज सपाट केला, अगदी त्याच्यासारखा, आणि म्हणाली, “नाही देणार.”

पण दुसऱ्याच शब्दाला तिचा आवाज चिरला, आणि तिकडे त्याला ते ऐकू गेलं.