दुसरा मोजा

"अहो नेव्ही! हटा तिथून! मागे व्हा, मागे!"

मी घसा फुटेस्तोवर ओरडले, आणि त्या शहाण्यानं काय करावं? हसून हात हलवला! जणू मी त्याला यायचं आमंत्रणच देत होते.

आमच्या पोर्ट कॅलनच्या गोदीत जहाज पाण्यात उतरतं ते आडवं. पुढे खाडी अरुंद, सरळ सोडायला जागाच नाही. शिट्टी झाली की कुऱ्हाडीवाले एकाच वेळी दोर तोडतात, नि अख्खं जहाज कुशीवर कलंडत धाडकन पाण्यात पडतं. मग समोरच्या काठावर जी लाट चढते ती विचारू नका. त्या काठावर त्या दिवशी गावातलं कुत्रंसुद्धा फिरकत नाही. आणि हा ताडमाड बाप्या, नव्या कोऱ्या गणवेशात, हातात गोड बटर टार्टची कागदी पिशवी घेऊन नेमका तिथंच उभा!

शिट्टी झाली. लाट आली. टोपी गेली.

मी वळसा घालून धावत पोचले तेव्हा तो एका ओंडक्यावर बसून बुटातलं पाणी ओतत होता. मला हसू आवरेना. बूट कसले, बादल्याच त्या! आणि त्यातून निघालेला पाय... अगं बाई! एवढा मोठा पाय मी जन्मात पाहिला नव्हता.

"हसा, हसा," तो म्हणाला. त्याच्या पापण्यांवरून अजून पाणी ठिबकत होतं. "मला वाटलं, इथल्या मुली फार प्रेमळ आहेत. लांबून हाका मारतात."

"कधी समुद्र पाहिलाय का तुम्ही?"

"आत्ता पाहिला की!"

"हा समुद्र नाही. हे तळं आहे."

"एवढं?" तो खरंच चाट पडला. "आमच्या सस्कॅचेवानात पाणी म्हणजे विहिरीतलं. बाकी नुसता गहू." मग त्यानं चिंब झालेली पिशवी पुढे केली. "घ्या. जरा ओले आहेत. मी लॉर्न हॅल्वर्सन."

"इफी मॅकऑस्लन," मी म्हटलं आणि टार्ट घेतला. पाक नि तळ्याचं पाणी, दोन्ही एकदम तोंडात. खोटं कशाला बोलू, इतका गोड टार्ट मी त्यानंतर खाल्ला नाही.

ही गोष्ट बेचाळीस सालच्या ऑक्टोबरातली. त्या दिवशी उतरलं ते पुढचं जहाज. लॉर्न आला होता ते आधीच्या जहाजासाठी, 'लिंडन फॉल्स'साठी. ते धक्क्याला लागून सजत होतं. अटलांटिकवर माल नेणाऱ्या जहाजांच्या ताफ्यांची राखण करायची, शत्रूच्या पाणबुड्या हुडकायच्या, हे त्या जहाजाचं काम. नाव मात्र दिलं होतं तीस मैलांवरच्या गावाचं. राबलो आम्ही, आणि मिरवणार लिंडन फॉल्सवाले! वर त्यांच्या बायकांनी खलाशांसाठी लोकरी मोज्यांचे गठ्ठे पाठवले, तेव्हा तर आमच्या गावातल्या बायकांचा तिळपापड झाला. त्या दिवसापासून पोर्ट कॅलनमध्ये जिच्या तिच्या हातात सुया.

माझ्याही होत्या. पण मी गोदीत वायरमन होते, मोजा विणायचा तो जेवणाच्या सुट्टीत. गोदीतली पहिलीच बाई वायरमन. त्यामुळे माझ्या प्रत्येक जोडावर दहाजणांचे डोळे. जहाजाच्या माथ्यावर उघडा सज्जा असतो, कप्तान तिथून हुकूम देतो. तिथल्या होकायंत्राच्या दिव्याचं काम माझ्याकडे आलं. नाजूक काम! जाणारी तार नि येणारी तार वेणीसारखी पिळून न्यायची, नाहीतर विजेच्या ओढीनं होकायंत्रच खोटं बोलायला लागतं. लॉर्न तिथं दिशा टिपायच्या कामावर नेमलेला. मी खाली वाकून तारा पिळायची, तो टॉर्च धरायचा.

"टॉर्च तारेवर धरा. माझ्या तोंडावर नको."

"तारेपेक्षा..."

"काय?"

"काही नाही. तारेवरच धरलाय."

असं चालायचं. एकदा त्यानं माझ्या डब्याशेजारचं विणकाम उचलून पाहिलं. "कोणासाठी?"

"बाबांसाठी," मी ठोकून दिलं.

"नशीबवान आहेत बाबा," तो म्हणाला आणि तळ्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा असा पडला की मला संध्याकाळपर्यंत मनातल्या मनात गुदगुल्या होत होत्या. दुष्टपणाच तो. पण मजा आली.

नोव्हेंबर सरला. काठाशी सकाळी काचेसारखा पातळ बर्फ दिसायला लागला आणि माझ्या मनात पाप आलं. दहा डिसेंबरला समुद्राकडे नेणारे कालवे बर्फामुळे बंद होणार होते. त्याआधी जहाज निघालं नाही तर एप्रिलपर्यंत इथंच अडकणार. म्हणजे लॉर्नही इथंच. रोज सकाळी मी बुटाच्या टोकानं बर्फ दाबून बघायची, किती जाड झाला ते.

आणि माझ्या एप्रनच्या खिशात भावाचं पत्र असायचं. हॅमिश गव्हाच्या जहाजावर होता. त्यानं लिहिलं होतं, 'इफे, संध्याकाळी आम्ही कठड्याशी उभे राहून राखणीची जहाजं मोजतो. मागच्या खेपेला चाळीस जहाजांना चारच होती. सकाळी परत मोजली तर तीन.' ते पत्र हाताला लागलं की मला माझीच लाज वाटायची. पण दुसऱ्या दिवशी बूट पुन्हा बर्फावर!

सात तारखेला चाचणीसाठी जहाज बाहेर तळ्यात निघालं. होकायंत्र जुळवायचं होतं, तेवढं झालं की नौदल ताब्यात घेणार. जुळवणारे म्हणजे म्हातारे कॅप्टन टॅलबट, तळ्यावर जन्म काढलेले आणि कायम वैतागलेले. मी कामापुरती हजर होते. नुसतं बसवेना म्हणून सज्ज्यावर विणत बसले. लॉर्न शेजारी येऊन उभा राहिला.

"बाबांचा दुसरा मोजा?"

"पहिला घरी आहे. हा आज पुरा होईल."

तेवढ्यात खालून आमचे मुकादम मिस्टर रेनी ओरडले, "इफी! खाली ये, दिवा बघ!" मी विणकाम तसंच लॉर्नच्या हातात कोंबलं. "धरा. आणि एक टाका जरी निसटला ना, तर बघा!" त्यानं ते तान्ह्या मुलासारखं घेतलं आणि आपल्या जाड कोटाच्या आतल्या खिशात जपून ठेवलं.

मी नि मिस्टर रेनी वर आलो तेव्हा सज्ज्यावर आग लागायचीच बाकी होती.

"हे होकायंत्र आहे की भोवरा?" टॅलबट करवादत होते. जहाज एकेका दिशेला तोंड करून उभं करायचं, दीपगृहाकडे बघून फरक काढायचा, आणि होकायंत्राच्या खांबातले छोटे लोहचुंबक सरकवून तो घालवायचा. पण फरक एकदा इतका, एकदा तितका. काही मेळच लागेना. सगळ्यांचे खिसे आधीच रिकामे करून झाले होते. चाकू, किल्ल्या, पट्ट्याची बक्कलंसुद्धा टोपलीत पडली होती.

"मग उरल्या तारा," टॅलबट माझ्याकडे बघत म्हणाले. "मी म्हटलं होतं, बाईच्या हातात..."

"तिचं काम मी स्वतः तपासलंय," मिस्टर रेनी मध्येच म्हणाले.

जहाजाचे कप्तान पुढे झाले. ते मला म्हणाले, "मिस मॅकऑस्लन, तारा उपसून नव्यानं घालायच्या तर किती दिवस?"

"तीन, सर."

सात आणि तीन, दहा. कालवे बंद.

मला खांबाचं झाकण उघडून तारा बघायला सांगितलं. मी वाकले. माझी वेणी जशीच्या तशी होती, कुठे चूक नव्हती. कप्तानांनी लॉर्नला सगळ्यांसाठी गरम कोको आणायला पाठवलं. तो शिडी उतरला... आणि माझ्या डोळ्यांदेखत होकायंत्राची तबकडी हळूच सरकून शांत झाली. मला वाटलं, भास. पाच मिनिटांनी लॉर्न कोकोचे मग घेऊन वर आला, माझ्याशेजारी उभा राहिला, आणि तबकडी पुन्हा हलली.

मी वर पाहिलं. त्याच्या कोटाला छातीशी एक फुगवटा होता.

अगं आई गं! पोलादी सुया! चार!

त्या बापड्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या लेखी ती लोकर होती, आणि लोकरीची जोखीम त्याच्यावर टाकलेली. तो खाली वाकला आणि कोकोचा मग माझ्या हातात देत हळूच म्हणाला, "चूक तुमची नाही. मी सांगेन त्यांना. आणि... खरं सांगू? हिवाळाभर इथं राहावं लागलं ना, तर मला मुळीच वाईट वाटणार नाही."

आता बोला!

मी गप्प राहिले असते तर कोणाला कळलंही नसतं. तारांवर खापर फुटलं असतं, माझं नाव खराब झालं असतं, कदाचित कामही गेलं असतं. जाऊ दे म्हटलं क्षणभर. हा तर राहील! चार महिने. बर्फावर फिरायला जाऊ, आईच्या हातचं वाटाण्याचं सूप पाजीन... एका हातात कोकोचा मग होता. दुसरा हात कधी एप्रनच्या खिशात गेला कळलं नाही. पत्र लागलं. सकाळी परत मोजली तर तीन.

"लॉर्न," मी म्हटलं. "खिसा रिकामा करा."

"चाकू केव्हाच दिलाय."

"आतला खिसा."

"त्यात तर तुमचा..." तो थांबला. त्याचं तोंड उघडं ते उघडंच. मग त्यानं दोन बोटांनी तो मोजा बाहेर काढला, चारही सुया लखलखत, आणि टॅलबटनी झडप घालून तो सज्ज्याच्या पार टोकाला नेला. तबकडी शांत झाली.

आधी टॅलबट हसले. मी त्यांना त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं. मग सगळेच. टॅलबटनी मोजा वर धरला. "हा कोणासाठी विणलाय बाई? घोड्यासाठी?"

"तिच्या बाबांसाठी," लॉर्न प्रामाणिकपणे म्हणाला.

"कोण, हिचा बाप?" मिस्टर रेनींनी डोळे पुसले. "अरे, त्याचा पाय माझ्या हाताएवढा! ह्या मोज्यात तो कमरेपर्यंत मावेल!"

सगळे मोज्याकडे बघू लागले. मग एकेक करून सगळ्यांची नजर लॉर्नच्या बुटांवर गेली. सगळ्यात शेवटी त्याची स्वतःची. माझ्या कानशिलांवर तेव्हा पाव भाजता आला असता.

"हॅल्वर्सन," कप्तान चेहरा न हलवता म्हणाले, "होकायंत्राजवळ पोलाद आणलंस. आठ दिवस बटाटे सोलायचे. मिस मॅकऑस्लन, तुमच्या तारा उत्तम आहेत. चला, पहिल्यापासून."

दुपारपर्यंत होकायंत्र जुळलं. परतताना लॉर्न मला मागच्या तोफेपाशी गाठून म्हणाला, "तुला कळलं होतं. कोको आणला तेव्हाच कळलं होतं. मग सांगितलंस कशाला? तुला मी... जायला हवा होतो?"

"मूर्खा!" मला रडू फुटलं. "रोज सकाळी बर्फ दाबून बघते मी, तू अडकावास म्हणून! आवडतोस तू मला. पण हॅमिश तिकडे जहाजं मोजत उभा असतो रे. त्याला एक जास्त मिळू दे."

हातमोजा काढून त्यानं माझे डोळे पुसले. त्याचा हात गरम होता, बोटांना कोकोचा वास होता. मग म्हणाला, "मलाही. त्या ओल्या टार्टपासून."

नऊ तारखेला बारीक बर्फ पडत होता. अख्खं गाव धक्क्यावर. लिंडन फॉल्सवालेही आले होते, बँड घेऊन. येऊ देत बापडे. कप्तानांनी हुकूमनामा वाचला, नौदलाचा झेंडा वर चढला, आणि आमच्या हातचं ते लोखंड लढाऊ जहाज झालं. शिडी उचलायच्या आधी मी लॉर्नच्या हातात पुडकं दिलं. त्यानं तिथंच फोडलं.

"एकच?"

"एकच."

"इफी, दोन पाय आहेत मला. आणि अटलांटिक आहे."

"दुसऱ्या पायात लिंडन फॉल्सचा घाल. माझा दुसरा सुयांवरच आहे. येऊन घेऊन जा."

तो मान मागे टाकून हसला. जहाज धक्क्यापासून सुटलं तेव्हा सगळे खलाशी रांगेत ताठ उभे होते. एकच वेडा मागच्या कठड्यावर पाय टाकून, पँट गुडघ्यापर्यंत ओढून, करडा मोजा सगळ्या गावाला दाखवत होता. माझी आई म्हणाली, "हाच का तो घोडा?"

पत्रं यायची. 'उजवा पाय मजेत आहे, डावा तुझी चौकशी करतो.' एकदा हॅमिशचं आलं, 'काल मोजली. सहा होती. एकावर लिंडन फॉल्स लिहिलं होतं. आम्ही टोप्या उडवल्या.' त्या रात्री मी फार दिवसांनी गाढ झोपले.

दुसरा मोजा मी अडीच वर्षं तसाच ठेवला. पंजाचं शेवटचं टोक विणलं ते पंचेचाळीसच्या जूनमध्ये, स्टेशनच्या बाकावर, त्याची गाडी यायला दहा मिनिटं असताना. भर उन्हाळा, आणि मी लोकर विणतेय! तिकीटमास्तर माझ्याकडे बघून हसत होता. गाडी थांबली. आधी ते बूट खाली उतरले, मग तो. तो आणखी वाळला होता, कानांपाशी पांढरं दिसत होतं.

"बस," मी म्हटलं. "पाय पुढे कर."

तो बाकावर बसला आणि दोन्ही बूट काढायला लागला. उजव्यात माझाच मोजा होता, टाचेला चार ठिकाणी रफू केलेला. मी गुडघ्यावर बसून दुसरा चढवला. अगदी बरोबर बसला.