पाच एप्रिलला पेपर नव्हता

आस्गर मला पहिल्यांदा भेटला तो भांडायलाच आला होता.

१९८४ सालचा मे महिना. बॉर्नहोम बेटावर येऊन मला जेमतेम तीन दिवस झाले होते. रोन्ने गावातल्या दैनिकातली एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली होती आणि तिच्या जागी मार्चअखेरपर्यंत मला घेतलं होतं. वय चोवीस, नाव मेरेटे, गाव कोपनहेगन, आणि डोक्यात हवा – अशी मी! माझ्याकडे सदर होतं ‘आजच्या दिवशी’. त्याच तारखेला पूर्वी जगात काय काय घडलं, ते चार-पाच ओळींत सांगायचं. तारखांचं एक जाडजूड पुस्तक मी सोबत आणलं होतं. पान उघडायचं, उतरवायचं, कॉफी प्यायची.

चार मेची पहिली ओळ तर पुस्तक न उघडताच लिहिली. ‘१९४५ : जर्मन शरण आले, सगळा डेन्मार्क मोकळा झाला, घरोघरी खिडक्यांत मेणबत्त्या लागल्या.’ आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही हे पाठ असतं. अजूनही त्या संध्याकाळी लोक खिडकीत मेणबत्त्या लावतात.

बाहेर बारीक, तिरका पाऊस पडत होता. दार उघडलं आणि माणसाच्या आधी धुराचा वास आत आला – ओल्या लाकडाचा, माशाचा, थोडासा गोडसर. मग उंच, भिजलेला, निळ्या लोकरी स्वेटरातला तो आला. त्यानं पेपर माझ्या टेबलावर ठेवला आणि त्या ओळीवर बोट टेकवलं.

“हे कोणी लिहिलंय?”

“मी. का बरं?”

“झकास लिहिलंय.” तो शांतपणे म्हणाला. “फक्त आम्हाला अकरा महिने आधीच सोडवलंत.”

मी मान वर केली. डोळे करडे होते, आणि पापण्यांवर पावसाचे थेंब. मी पुस्तक पुढे सरकवलं.

“इथे तर स्पष्ट...”

“पुस्तक कुठे छापलंय? कोपनहेगनला ना? अहो, चार तारखेला आम्हीही मेणबत्त्या लावल्या होत्या. पण इथला जर्मन अधिकारी काही शरण येईना. सात तारखेला रशियन विमानं आली, आठला पुन्हा आली. अर्धं रोन्ने जमीनदोस्त. मग रशियन सैनिक उतरले, ते थेट पुढच्या वर्षी पाच एप्रिलला गेले. तोवर तुमच्या कोपनहेगनात सगळे नाचून दमलेसुद्धा होते.”

माझे कान तापले. “मला... मला खरंच माहीत नव्हतं.”

“कसं असणार? तुम्ही पडलात ‘आणलेल्या’.”

बोटीनं बाहेरून आलेल्या माणसाला बेटावर ‘आणलेला’ म्हणतात, मग तो पन्नास वर्षं इथे राहिलेला का असेना.

“आणि तुम्ही?” मी फणकारले. “तुम्ही काय खडकातून उगवलात?”

तो पहिल्यांदाच हसला. डाव्या गालावर खळी पडत होती. खळी! एवढ्या उंच, भिजक्या, रागावलेल्या माणसाला खळी असायचं काय कारण होतं?

तो गेल्यावर संपादक यॉर्टबाई चष्म्यावरून म्हणाल्या, “वाईट वाटून घेऊ नकोस. कोपनहेगनहून आलेली प्रत्येक मुलगी ही चूक करते. पण आस्गर कोफोड स्वतः चालत कधी येत नाही. चूक दिसली की फोन करतो.”

“मग आज का आले?”

“ते मला काय विचारतेस?”

तीन दिवसांनी, सात मेला, मी स्वतःहून त्याच्या, मासे धुरावर शेकायच्या धुरीघरात गेले. बंदराजवळ दोन पांढरी धुराडी होती, त्यांच्याखाली सळ्यांना टांगलेले हेरिंग मासे सोनेरी होत होते. लांब काठीच्या टोकाला ओलं फडकं बांधून तो जाळ दाबत होता.

“माफी मागायला आलेय.”

“उपाशी की जेवून?”

“माफीचा आणि जेवणाचा काय संबंध?”

“उपाशी पोटी मागितलेली माफी मी घेत नाही.”

त्यानं काळ्या पावावर गरम मासा ठेवला, वर कच्च्या अंड्याचा पिवळा बलक आणि मुळ्याच्या चकत्या. मी दोन्ही हातांनी खाल्लं. बलक हनुवटीवर ओघळला. त्यानं रुमाल पुढे केला, आणि तो घेताना माझी बोटं त्याच्या बोटांना लागली. किंचितच... पण त्या दिवशी संपादकीय बैठकीत कोण काय बोललं, त्यातलं मला एक अक्षर आठवत नाही.

त्याची आई एस्टरबाई तिथेच मासे साफ करत होत्या. ठेंगण्या, काटक, कमी बोलणाऱ्या. पंचेचाळीस साली त्यांचं घर बॉम्बमध्ये गेलं होतं. पुढे स्वीडननं बेटाला लाकडी घरं भेट दिली, त्यातल्या एकात माय-लेक राहत. चार मेला त्या खिडकीत काहीच लावत नसत. मी माफी मागितली तेव्हा म्हणाल्या, “पोरी, पाच एप्रिलला नीट लिही म्हणजे झालं.”

“लिहीन. पहिल्याच ओळीत लिहीन.”

मी अगदी छातीठोकपणे सांगितलं.

त्यानंतर माझं सदर बदललं. जगाच्या तीन ओळी आणि बेटाची एक, असा नियमच आम्ही केला. बेटाची ओळ आस्गर आणायचा. म्हाताऱ्या कोळ्यांकडून, चर्चच्या वह्यांतून, थडग्यांवरून. संध्याकाळी त्याच्या सायकलच्या मागे बसून मी तारखा गोळा करत हिंडायचे. चेरीच्या झाडांखालून जाताना पांढऱ्या पाकळ्या केसांत अडकायच्या आणि तो गंभीरपणे म्हणायचा, “बेटाचा पुरावा घेऊन चाललीयस.”

“एकवीस जुलैला काय आहे?” मी एकदा विचारलं. “त्या दिवशी माणूस चंद्रावर चालला. याच्यापुढे तुमचं बेट काय ठेवणार?”

“त्याच तारखेला माझे काका पहिल्यांदा स्वीडनला गेले.”

“त्यात काय मोठं?”

“परत आले. चंद्रावर गेलेल्यांचंही तेवढंच कौतुक केलं ना लोकांनी? परत आले म्हणून?”

मी ती ओळ तशीच छापली. यॉर्टबाईंनी काट मारली नाही. काकांनी पेपराच्या वीस प्रती नेल्या.

चौदा जुलै लिहिताना मात्र आमचं बिनसलं. फ्रान्समध्ये लोकांनी तुरुंग फोडला, त्याच तारखेला, आपण पाच वर्षांचे असताना, बेटावरच्या स्वानेके गावाच्या किनाऱ्यावर संत्र्यांनी भरलेलं जहाज अडकलं होतं, असं एक आजोबा सांगत. मी म्हटलं, आजोबांना तारीख नीट आठवत नसेल.

“पाच वर्षांच्या मुलाला पहिलं संत्रं कधी खाल्लं ते आठवत नाही?” आस्गर चिडला. “राजाचं काय झालं ते एक वेळ विसरेल.”

“तू तुझ्या पहिल्या संत्र्याची तारीख सांग बरं.”

तो थांबला. माझ्याकडे पाहिलं, मग पटकन समुद्राकडे. “चार मे,” तो पुटपुटला आणि सायकल ढकलत पुढे निघून गेला. कान लालेलाल.

मी वाटेत उभीच. चार मेला तर तो माझ्याशी भांडायला आला होता. बाई गं... हा माणूस बोलला तरी असा, की बोललाच नाही असंही म्हणता येईल!

आणि तीच खरी पंचाईत होती. त्यापुढे तो एक पाऊल टाकेना. शरद आला, वादळात बोटी बंद झाल्या, हिवाळ्यात चार वाजताच अंधार पडू लागला. तो माझ्यासाठी सरपण आणायचा, माझे गारठलेले हात आपल्या खिशात कोंबायचा, एकदा नाताळात नाचताना माझ्या केसांवर गाल टेकवून पूर्ण गाणंभर उभा राहिला. पण तोंडातून शब्द नाही. मी त्याच्यात आकंठ बुडाले होते आणि हा पट्ठ्या किनाऱ्यावर उभा राहून पाणी किती थंड आहे ते बघत होता.

फेब्रुवारीत कोपनहेगनच्या एका मोठ्या दैनिकाचं पत्र आलं. कायमची नोकरी, ईस्टरनंतर रुजू व्हा. मी पत्र त्याला वाचून दाखवलं. मुद्दाम, हळूहळू.

“चांगलं आहे,” तो म्हणाला.

“एवढंच?”

“फार चांगलं आहे.”

मी पत्राची घडी घातली आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. ‘राहा’ असं तो म्हणाला असता तर मी तिथल्या तिथे ते पत्र त्याच्या भट्टीत टाकलं असतं. पण न मागता राहायचं? माझाही काही स्वाभिमान होता. मी पाच एप्रिलच्या दुपारच्या बोटीचं तिकीट काढलं. मार्चअखेर काम संपत होतं, पण यॉर्टबाईंना म्हटलं, चार दिवस जास्त करते, पाच तारखेचं सदर लिहून जाते. एस्टरबाईंना शब्द दिला होता ना!

तीन एप्रिलला मी ती ओळ घेऊन गेले. वर्षभरात एवढ्या मेहनतीनं मी दुसरं काही लिहिलं नव्हतं. यॉर्टबाईंनी ती वाचली आणि कागद हळूच माझ्याकडे सरकवला.

“फार सुरेख आहे. पण मुली, शुक्रवारी गुड फ्रायडे आहे. पेपर निघत नाही.”

तारखांचं सदर चालवणाऱ्या बाईनं कॅलेंडर पाहिलं नव्हतं!

शुक्रवारी सकाळी तोंड पाडून मी एस्टरबाईंकडे गेले. अंगणात पिवळी डॅफोडिल्स वाऱ्यानं लवत होती. आस्गर माझी ट्रंक घेऊन बंदरावर पुढे गेला होता. मी चुकीची कबुली दिली. त्या चक्क हसल्या.

“पेपरात आलं नाही म्हणून रशियन काय परत येणारेत?” मग त्यांनी हात पुसले आणि मला समोर बसवलं. “त्या दिवशी मी धक्क्यावर होते, वीस वर्षांची. शेवटचं जहाज निघालं तरी मी हूं का चूं केलं नाही. आधी एकदा मेणबत्त्या लावून फसले होते ना? म्हटलं, जहाज पार दिसेनासं होऊ दे. झालं, तेव्हा मग भोकाड पसरलं. तेव्हापासून माझी तीच रीत. पक्कं झाल्याशिवाय आनंद नाही, की दुःख नाही. पोरालाही तेच शिकवलं.”

त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांच्या बोटांना खवल्यांचा खरखरीतपणा होता.

“पण मी लोक जायची वाट बघत होते गं. हा गाढव, जिनं राहावं असं वाटतं तिच्याही बाबतीत तेच करतोय! तुझी बोट दिसेनाशी झाली की रडायला बसेल. चुकलंच माझं शिकवायला... तू त्याला बोलतं कर. माझ्यासाठी कर.”

मी धावतच बंदर गाठलं. आस्गर धक्क्यावर उभा होता, हात खिशात, मान खाली. ट्रंक सामानाच्या गाडीवरून बोटीत गेली होती.

“उशीर केलास,” तो म्हणाला. “दहाच मिनिटं राहिलीत.”

“एक विचारू? बोट निघाल्यापासून दिसेनाशी व्हायला किती वेळ लागतो?”

“हवा अशी असली तर... सव्वा तास.”

“तुला कसं माहीत?”

त्यानं मान आणखी खाली घातली. मग अगदी बारीक आवाजात, “कालची मोजली. परवाचीपण.”

राग, हसू, रडू, सगळं एकदमच आलं. मी त्याच्या स्वेटरची बाही धरली.

“आणि त्या सव्वा तासानंतर तू जे बोलणार होतास, ते कोणाला? समुद्रपक्ष्यांना? आस्गर, मी इथे आहे. आत्ता आहे. बोल ना रे!”

त्याचे ओठ हलले. बोटीचा भोंगा वाजला, तो दचकला. धक्क्यावरचा माणूस आमच्याकडे बघून शिडीची साखळी सोडू लागला. मी वाट बघत उभी होते. एक क्षण असा आला की वाटलं, संपलं... आता आपण वळायचं आणि चालायला लागायचं.

“राहा,” तो म्हणाला.

“ऐकू नाही आलं.”

“राहा, मेरेटे!” तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की साखळीवाल्यानं साखळी खाली टाकली. “माझं प्रेम आहे तुझ्यावर. पहिल्या दिवसापासून आहे. ती तारखेची चूक फोनवरही सांगता आली असती. खिडकीतून तू दिसलीस म्हणून आत आलो!”

“अरे, मग वर्षभर...”

“मला भीती वाटायची! तू हसायचीस तेव्हा जास्तच वाटायची.”

मी त्याच्या गळ्यात पडले. धूर, लोकर, मीठ... कपाळावर त्याचे ओठ टेकले आणि मग ओठांवर. साखळीवाल्यानं खाकरून विचारलं, “बाई, येताय की नाही? आणि सामानाचं काय?”

“सामान जाऊ दे!” आम्ही दोघं एकदम म्हणालो.

अशी माझी ट्रंक एकटीच कोपनहेगनला गेली, आणि पुढचे आठ दिवस मी एस्टरबाईंच्या, मला जेमतेम गुडघ्यांपर्यंत येणाऱ्या स्कर्टात वावरले. मंगळवारी त्या मोठ्या दैनिकाला फोन करून नकार कळवला. यॉर्टबाईंनी काही न विचारता माझं टेबल पुसून ठेवलं होतं.

पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी बोट धक्क्यापासून सुटली तशी ती नजरेआड होईपर्यंत आम्ही तिथेच उभे राहिलो, वाऱ्यात, एकमेकांना धरून. सव्वा तास लागतो हे त्यानं बरोबर सांगितलं होतं. मी घड्याळ लावून पाहिलं. त्यानं मात्र बोटीकडे एकदाही पाहिलं नाही.