मागच्या खोलीची वायर

टिंग.

भर दुपार. घर चिडीचूप. भिंगरी, म्हणजे माझी चार वर्षांची लेक, शेजारच्या गादीवर हातपाय पसरून झोपलेली. लॅपटॉपवर साहेबांनी मला काहीतरी विचारलं, मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात फोन वाजला.

मागच्या खोलीतून बाबांचा व्हिडिओ कॉल.

मी तो कापला.

तिथून सगळं सुरू झालं.

पुढे लिहितेय ते घडलेलं आहे. असले प्रकार रात्री-अपरात्री होतात म्हणे. आमच्याकडे झालं ते लख्ख उजेडात, भरल्या घरात. ज्याला पटणार नाही त्याने सोडून द्यावं. मला भीतीपेक्षा लाज जास्त वाटते, म्हणून इतके दिवस कोणाला बोलले नाही. भिंगरी झोपते तेवढ्या वेळात तुकड्या-तुकड्याने लिहितेय. कुठे धागा तुटला तर सांभाळून घ्या.

आमचं घर आगगाडीच्या डब्यांसारखं, एकामागे एक खोल्या. पुढे हॉल, तिथे राउटर. मधल्या खोलीत माझं कामाचं टेबल. सगळ्यात मागे बाबा, माझे सासरे. पाय घसरून पडल्यापासून ते पलंगावरच असतात. नवरा नोकरीसाठी दुसऱ्या गावी. त्याने बाबांना टॅबलेट आणून दिला. माझ्या फोटोवर बोट ठेवलं की मला कॉल. हाका मारून घसा सुकवायला नको.

पण नेट मागच्या खोलीपर्यंत पोचेना.

नेटवाला आला. भिंतीवर बोटाने टकटक केली आणि हसला. "वहिनी, ही भिंत आहे की किल्ला? वायरलेस इथवर येतं आणि दमून बसतं."

त्याने राउटरमधून दोन वायरी काढल्या. एक माझ्या टेबलापर्यंत, मीटिंग अडकू नये म्हणून. दुसरी छताच्या कडेने क्लिपा ठोकत थेट बाबांच्या खोलीत. तिथे एक पांढरा डबा लावला. त्या डब्यातून बाबांना वायरलेस.

बाबा पलंगावरून देखरेख करत होते. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून झाली. "वायर मुरगळू नकोस रे, श्वास घेऊ दे तिला." मग माझ्याकडे वळून, "एवढी वर्षं बोर्डवर बसलो, पण बोलत्या माणसाची लाइन कधी तोडली नाही हो मी."

"म्हणूनच एक्स्चेंज बुडालं," नवरा म्हणाला. सगळे हसलो. बाबा सगळ्यात जास्त.

जाताना नेटवाल्याने माझ्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. "मुलीसाठी हं, मोठी झाली की लागेल. नावावर बोट ठेवायचं, 'थांबवा' दाबायचं. तेवढ्याच टॅबलेटचं नेट बंद. पोरं आपोआप जेवायला येतात."

मुलीसाठी मी ते कधीच वापरलं नाही.

बाबांचे कॉल यायचे. "सूनबाई, आज वार कुठला?" "सूनबाई, खिडकीत कबुतर बसलंय, बघ तरी." कधी नुसतंच, "काही नाही गं. आवाज ऐकायचा होता."

भिंगरी झाल्यावर सुटलेली नोकरी मोठ्या मुश्किलीने पुन्हा लागली होती. अजून कायम झाले नव्हते. त्या दुपारी कॉल कापला तरी लगेच दुसरा आला. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे शाळा भरते का? सारखी घंटा वाजते." सगळे खो-खो हसले.

मी ॲप उघडलं. बाबांच्या नावावर बोट ठेवलं.

थांबवा.

शांत.

इतकं शांत, की मला बरं वाटलं. खरं तेच लिहितेय.

संध्याकाळी चहा घेऊन गेले तर बाबा म्हणाले, "नेट गेलं होतं का गं?"

"हो ना बाबा. वरूनच गेलं होतं."

"मला वाटलं मीच काही भलतं दाबलं. म्हटलं, तू कामात, कशाला उगीच..."

ते ओशाळले होते. माझ्याऐवजी ते.

मग रोजचंच झालं. मीटिंग सुरू, की बाबा बंद. संध्याकाळी मी चालू करायचे. हळूहळू चालू करायचंही मी विसरायला लागले.

आणि एका दुपारी...

मागून हसण्याचा आवाज आला.

बाबा हसत होते. थांबायचे, काहीतरी ऐकायचे, परत हसायचे. मला वाटलं, भिंगरी तिकडे गेली. खाली पाहिलं. भिंगरी गादीवर झोपलेली.

ॲप पाहिलं. नेट थांबवलेलंच होतं.

संध्याकाळी बाबांचा चेहरा उजळलेला. "काय गं, लहानपणी रेडिओ खोललास आणि स्क्रू कुंडीत पुरलेस? वर रोज पाणी घालायचीस, रेडिओ उगवेल म्हणून!"

मी कप खाली ठेवला.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही. आईला तर ती जाईपर्यंत कळलं नाही की तिचा रेडिओ कोणी मोडला.

"कोणी सांगितलं, बाबा?"

"कोणी म्हणजे? तूच की. आज दुपारी."

बाबा दुपारी एकटेच हसत-बोलत होते, हे रात्री फोन करून नवऱ्याला सांगितलं. "बाबांना मैत्रीण मिळाली वाटतं," तो हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "वय झालंय गं त्यांचं. तू आहेस म्हणून मला घोर नाही."

त्या बटणाबद्दल मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवसापासून नेट चालू ठेवलं. बाबांच्या कॉलची वाट पाहत बसले.

टिंग नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही...

फक्त भिंतीपलीकडे त्यांचं बोलणं. अस्पष्ट, सुखाचं.

मला भीती वाटायला हवी होती. मला हेवा वाटला.

शेवटी एका दुपारी, मीटिंग तशीच सोडून, मी हॉलमध्ये गेले आणि राउटरमधून मागच्या खोलीची वायर उपटली.

टक्.

वायर माझ्या हातात लोंबत होती. राउटरचं ते भोक रिकामं.

आणि भोकाशेजारचा हिरवा दिवा... लुकलुकत होता.

पलीकडे काहीतरी जोडलेलं असेल तरच तो लागतो. एवढं मलाही कळतं.

मी अनवाणी मागे गेले. दार लोटलेलं होतं. आतून आवाज आला.

"घाई कसली, बाबा? तुम्ही सांगा ना. मग पुढे काय झालं?"

माझा आवाज.

पण बाबांशी मी अशी कधी बोलले नव्हते. भिंगरीला थोपटताना बोलते, तशी.

फटीतून टॅबलेट तिरका दिसत होता. त्यात माझं टेबल. माझी खुर्ची. खुर्चीवर टाकलेली माझी शाल. आणि खुर्चीत बसलेली...

चेहरा धड दिसला नाही. केस दिसले. नीट विंचरलेले. मी सकाळपासून कंगवा लावला नव्हता. तिच्या मांडीवर भिंगरी होती, जागी, आणि ती भिंगरीच्या वेण्या घालत होती. सावकाश.

मग तिचे हात थांबले.

"बाबा... दारात कोणीतरी आलंय."

बाबांनी मान वळवली. माझ्याकडे पाहिलं. परक्या माणसाकडे पाहतात तसं, अदबीने.

"या ना. कोण हवंय तुम्हाला?"

तुम्हाला.

"बाबा, मी..."

"सूनबाईकडे आलात होय? आहे ना, मधल्या खोलीत. थांबा, बोलावतो." आणि ते टॅबलेटकडे वळून हाक मारायला लागले. "सूनबाई, अगं सूनबाई..."

टॅबलेट काळा पडला होता.

मी धावत मधल्या खोलीत आले. लॅपटॉपवर साहेब बोलत होते. खुर्ची रिकामी. भिंगरी गादीवर गाढ झोपलेली, तोंड अर्धवट उघडं.

तिच्या दोन वेण्या घातलेल्या होत्या. घट्ट, सरळ भांगाच्या.

सकाळी घाईत मी तिच्या केसांना नुसता रबर लावला होता.

त्या संध्याकाळी बाबांसमोर बसून सगळं सांगितलं. नेट वरून जात नव्हतं, मीच बंद करत होते. मीटिंगमध्ये लोक हसले म्हणून. रडून रडून सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर हात ठेवला.

"असू द्या हो. चुकतं माणसाचं. फक्त आमच्या सूनबाईच्या कानावर घालू नका. तिला फार वाईट वाटेल."

डॉक्टर म्हणाले, वयानुसार होतं. नेटवाल्याला बोलावलं, तर तो डब्याकडे बघतच राहिला. "वायर नाही, वीजही काढलीत... मग हा पेटतोय कशावर, वहिनी? फुकटात जागतोय हा." हसला, पण डबा काढताना त्याने बाबांच्या पलंगाकडे पाठ केली नाही. टॅबलेट मी कपाटात कुलपात ठेवला.

आता माझं टेबल मागच्या खोलीत आहे, बाबांच्या पलंगाला लागून. माझी वायर तिथवर ओढून घेतली. साहेबांना सांगून टाकलं, "घरात वडील आहेत, मध्ये मध्ये बोलतील." ते म्हणाले, "बरं."

एवढंच होतं. एक वाक्य.

बाबा कधी मला 'अगं' म्हणतात, कधी 'अहो'. 'अगं' म्हणाले, की त्या दिवशी घास उतरतो.

आज दुपारी बाबांना डोळा लागला होता. भिंगरी पलंगाच्या पायाशी पेंगत होती. मी हेच लिहीत बसले होते.

टिंग.

मधल्या खोलीतून.

तिथे आता वाजेल असं काही ठेवलेलं नाही.

भिंगरी डोळे चोळत उठली आणि तिकडे गेली. मला हाक मारायची होती. मी नुसता कान दिला. ती कोणाशी तरी कुजबुजली. थांबली. खुदकन हसली...

मग पळत आली. माझ्या गळ्यात हात टाकले, गालाला गाल लावला, गुपित सांगताना लावते तसा. तिच्या केसांना तेलाचा वास येत होता. मी तेल लावलं नव्हतं.

"आईला इथे बसायचंय," ती माझ्या कानात म्हणाली. "तू कधी उठणार?"