तोंडात ट्रे असताना

लिफ्ट अडकली तेव्हा ती कवळ्यांचा डबा छातीशी धरून आत एकटीच होती. भीती घालवायला ती क्रोएशियन शब्द पाठ म्हणू लागली... आणि छतावरून अस्सल क्रोएशियन शिवी खाली आली!

शिवी देणारा होता लिफ्ट-मेकॅनिक. क्रोएशियातल्या जहाजांच्या कारखान्यात काही वर्षं वायरमनचं काम करून परतलेला. ती कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला, आणि तिकडच्याच एका लॅबमध्ये नोकरी मिळावी म्हणून धडपडणारी. त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत तो तिचा ‘मास्तर’ झाला आणि ती त्याची ‘दातवाली’.

“‘आको’ म्हणजे ‘जर’,” मास्तर बजावायचा. “पण खरंच घडू शकतं तेच त्याला जोडायचं. स्वप्नं पाहायला वेगळं वाक्य असतं. हं, बोल.”

“आको दोजेश, चेकात चु ते.” तू येणार असशील तर मी वाट पाहीन.

“कोणाची गं?”

“वाक्यातल्या माणसाची. उगाच भाव खाऊ नकोस!”

असं चाललं होतं. पण तिकडच्या लॅबची मुलाखत उद्यावर आली. नापास होण्याची धास्ती होतीच, पास होण्याची त्याहून मोठी. पास झाली तर ती तिकडे... आणि हा इथे. एकदा तिने सहज विचारून पाहिलं होतं, तर म्हणाला, “पुन्हा तिकडे? नाव काढू नकोस. एकट्याने जेवून जेवून जीव विटला माझा.”

त्या दुपारी तो गाल धरूनच लॅबमध्ये आला. “हल्ली झोपेत दात खातो म्हणून ताई ओरडते. दातांवर काहीतरी बसवून दे बाई.”

दातांचं माप घ्यायला तिने गुलाबी लगदा कालवला, ट्रेमध्ये भरला आणि त्याच्या दातांवर दाबून बसवला. “घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. बोलायचं तर मुळीच नाही.”

बोलायचं नाही...! आत्ता विचारलं तर ‘नाही’ हे उत्तर निदान लगेच तरी ऐकावं लागणार नव्हतं.

“आको दोबियेम पोसाओ...” ती ट्रेकडे पाहत म्हणाली. “होचेश ली पोची सा म्नोम?”

मला नोकरी मिळाली तर... माझ्याबरोबर येशील?

त्याचे डोळे विस्फारले. “आँ—”

“गप्प! हलू नकोस.” ती पाठ फिरवून वाडगा घासत सुटली. वाडगा लख्ख झाला तरी घासतच राहिली. काय ही दुर्बुद्धी! उद्या मुलाखत, आणि आजच मास्तर गमावून बसलो आपण...

मागे ‘चपक्’ असा आवाज झाला. त्याने ट्रे उपटून काढला होता आणि लगदा हनुवटीवर ओघळत होता.

“अरे, माप बिघडलं की!”

“बिघडू दे! माणसाचा जीव टांगणीला लावायचा आणि वर म्हणायचं, हलू नकोस!” त्याने बाहीने तोंड पुसलं. “तुझ्या मुलाखतीची तारीख ठरली ना, तेव्हापासून दात खातोय मी. येईन. एकट्याने जेवायचं नसेल तर कुठेही येईन.”

तिला हसू फुटलं, डोळेही भरले. पण भित्री ती भित्रीच.

“आणि... नाहीच मिळाली तर?”

“तर इथे जेवू. दोघं.” त्याने खुर्चीला डोकं टेकलं. “घे आता माप. माझं बोलून झालंय.”