बाईजाची हरकत

"हरेश वकिलाकडं चाललाय? जा. माणूस सरळ हाय. पण सांगून ठेवतो ताई… तो नसलेल्या माणसांशी बोलतो."

शहापूरच्या तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या मनोजने कागदांना टाचणी मारता मारता हे सांगितलं, तेव्हा माधुरी हसली होती. "असलेली तरी कुठं सरळ बोलतात, दादा!" असं म्हणत तिने पिशवी खांद्याला लावली आणि चार वर्षांच्या चंदीचं बोट धरून ती समोरच्या इमारतीचा जिना चढू लागली.

याआधी तिने दोन वकील करून पाहिले होते. पहिल्याने खुर्चीवरून न उठताच 'टायटल क्लिअर', मालकीत काही वाद नाही, म्हणून सांगून टाकलं. ती घेणार असलेली जागा शहापूर तालुक्यात की मुरबाडमध्ये, हेसुद्धा त्याला नीट ठाऊक नव्हतं. दुसऱ्याने वकीलपत्रावर सही घेतली आणि नंतर फोन उचलणंच सोडलं. आता हा तिसरा. आणि हा म्हणे भुतांशी बोलणारा!

जिन्यात लाइट गेलेली होती. वळणावर वरून येणारी पावलं एकदम थांबली आणि हेल्मेट काखेत धरलेला एक उंच माणूस भिंतीला चिकटून उभा राहिला.

"या तुम्ही. मी थांबतो… कुणाकडे?"

"नसलेल्या माणसांशी बोलणाऱ्या वकिलाकडे."

अंधारात तो हसला. दिसलं नाही, पण कळलं. "मग तुमचं काम नाही होणार, मॅडम. तुम्ही तर चांगल्या 'असलेल्या' आहात की!"

"तू भूत आहेस?" चंदीने विचारलं.

"भुताचे पाय उलटे असतात. बघ बरं." त्याने मोबाइलचा उजेड खाली धरला. झिजलेल्या चपलांतले दोन पाय, सरळ. चंदीने वाकून खात्री करून घेतली. माधुरीने मात्र पायांवरून नजर वर नेली आणि उगाचच पदर सावरला.

नवऱ्यापासून सुटल्याला तिला दोन पावसाळे झाले होते. आटगावजवळच्या एका गोदामात ती ऑफिसचं काम बघायची आणि खर्डीत भाड्याच्या खोलीत राहायची. दर अकरा महिन्यांनी घरमालकीण "पुढचं बघा हां" म्हणायची. माहेरी फोन केला तर भावजय सांगे, "आत्ता घरी कुणी नाही." मागे टीव्ही चालू असायचा… आणि भावाचं खोकणंही ऐकू यायचं. म्हणून तिला एक घर हवं होतं. लहानसं असलं तरी चालेल, पण ज्यातून तिला आणि चंदीला कुणी 'निघा' म्हणणार नाही असं.

किन्हवलीच्या पुढे, मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत गेलं की उंबरटेंभा लागतं. तिथल्या देवरामची, घरामागची जागा. कडेला करवंदीचं कुंपण, कोपऱ्यात एक मोहाचं झाड. माधुरीने मनातल्या मनात त्या झाडाखाली चंदीचा झोपाळाही बांधून टाकला होता.

"मी जागेवर उभा राहिल्याशिवाय मत देत नाही," हरेश म्हणाला. जिन्यात भेटलेला उंच माणूस तोच निघाला होता.

"आणि जागा तुमच्याशी बोलते?"

"जागा नाही… पण आजूबाजूची माणसं बोलतात. उशिरा बोलतात, एवढंच."

भात कापून झालं होतं. वावरात उडव्या रचलेल्या, हवेत पेंढ्याचा कोरडा गोड वास. पहिल्यांदा ते तिघं गेले तेव्हा मोहाखाली एक म्हातारी पाचोळा झाडत होती. विटलेलं हिरवं लुगडं, हातात शिंदीची केरसुणी.

"राम राम, मावशी," माधुरी सहज म्हणाली.

म्हातारीचा हात जागीच थांबला. तिने मागे वळून पाहिलं… आपल्या मागे कोण उभं आहे, कुणाला हाक मारली, ते बघायला.

"कोणाशी बोलतेस गो?" देवरामची बायको रखमी ओट्यावरून म्हणाली.

"त्या मावशी—"

"कोण मावशी? तिथं कोण नाय."

अंगणात चारपाच माणसं होती. सगळ्यांची तोंडं दुसरीकडे. माधुरीने पुन्हा पाहिलं तर मोहाखाली झाडलेली स्वच्छ जमीन होती, आणि कुणीही नव्हतं. परत निघताना चंदीच्या मुठीत आवळे निघाले.

"कुणी दिले?"

"त्या आजीनं. ती म्हणाली, तुझ्या आईला मी दिसते."

माधुरीने तिची मूठ उघडली. तिने ते आवळे ओढ्यात भिरकावले. संध्याकाळी खोलीवर चंदीवरून मीठमोहरी ओवाळून टाकली. आपण बी.कॉम. आहोत याची तिला लाज वाटली, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा ओवाळली.

तिने हरेशला फोन केला. "तुम्हाला दिसली का हो ती?"

"पाय सरळ होते?"

"चेष्टा नका करू. पाय पाचोळ्यात होते…"

"घाबरलात?"

"मी कुणाला घाबरत नाही. फक्त चंदीसाठी…"

"मग मी घाबरतो तुमच्यासाठी," तो हळूच म्हणाला. "वकिलाने तेवढं करायला हवं."

फोन ठेवल्यावरही तिचा कान कितीतरी वेळ गरम होता. आपण कशाने थरथरतोय, म्हातारीने की या आवाजाने, हे तिला कळेना.

हरेशची एक रीत होती. सगळे वकील करतात तशी जाहीर नोटीस तो पेपरात देई. पण त्यावर त्याचं भागत नसे. भर दुपारी, सगळी माणसं घरी असताना, तो जागेच्या चारही कोपऱ्यांवर जाऊन ती मोठ्याने वाचे. "कुणाची हरकत?" असं रानाकडे तोंड करून विचारे आणि उत्तराची वाट बघत उभा राही. लोक त्याला हसत.

"चारचौघांत भावकीविरुद्ध कोण बोलणार?" तो येताना बाईकवर म्हणाला होता. "पण मोकळ्या रानाला विचारलं की कुणीतरी कुठूनतरी बोलतं."

त्या दुपारी ऊन असतानाच पावसाचे थेंब पडू लागले. अवेळी, विरळ, चमकणारे. पेंढा भिजू नये म्हणून धावायचं सोडून सगळं गाव देवरामच्या ओट्यावर उभं होतं.

"कोल्ह्याचं लग्न लागतंय," हरेश कागदावर रुमाल धरत पुटपुटला.

"कोल्ह्याचं तरी लागतंय," माधुरीच्या तोंडून निघून गेलं. तिने जीभ चावली. तो पाठमोरा होता, पण त्याचे कान लाल झाले.

पहिला कोपरा. "कुणाची हरकत?" फक्त पाऊस. दुसरा, तिसरा. तेच. मोहाच्या झाडाखालच्या शेवटच्या कोपऱ्यावर त्याने विचारलं आणि थांबला. पानांवरून थेंब टपटपत होते…

"माझी हाय."

करवंदीच्या आतून आवाज आला. बाईचा. फार दिवस न वापरलेला.

ओट्यावर कुणीही हललं नाही. देवरामने टोपी काढून घट्ट मुठीत धरली. "वारा हाय, साहेब. पुढं वाचा तुमी."

"नाव सांगा," हरेश कुंपणाकडे बघून म्हणाला.

"बाईजा."

रखमीने तोंडात पदर कोंबला. देवराम खाली बसला, जमिनीकडे बघत बोलू लागला. "माझी थोरली बहीण. परजातीत पळून गेली. बानं तिचं तेरावं घातलं, जेवण दिलं गावाला. कागदावर पण मयत लावली. तो माणूस मेल्यावर आली परत, पडून ऱ्हाते कुंपणापल्याड. मी तांदूळ ठेवून येतो… बघत नाय तिकडं. आता हाक मारली तर माझा बा खोटा पडंल, साहेब. मेल्या बाला खोटा कसा पाडू?"

"जिवंत असेल तर तिचाही हिस्सा आहे," हरेश म्हणाला.

"पन जिवंत कोण म्हणतो? इचारा गावाला. कोण बघतो तिला?"

ओट्यावरची माणसं पावसाकडे बघत राहिली. हरेश माधुरीकडे वळला. त्याचा चेहरा ओला, गंभीर… आणि डोळ्यांत असं काही, की तिला आधार हवासा वाटला.

"मॅडम, तुम्ही माझ्या अशील. विचारायचं मला तुम्हालाच. तुम्हाला ऐकू आलं?"

नाही म्हटलं की जागा तिची. ओटा, दार, मोहाला टांगलेला झोपाळा… सगळं त्या एका शब्दाच्या पलीकडे होतं. ऐकू आलं म्हटलं तर व्यवहार मोडला, पुन्हा खर्डीची खोली, पुन्हा 'पुढचं बघा हां'. माधुरीला का कोण जाणे, भावजयीचा फोन आठवला. मागचा तो टीव्ही. ते खोकणं.

"आलं," ती म्हणाली. मग कुंपणाकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली, "बाईजाआत्याऽऽ!"

करवंदीची फांदी हलली. हिरवं लुगडं बाहेर आलं. भिजलेलं, काट्यांत अडकत, सोडवत. म्हातारी अगदी जवळ आली, इतकी की तिच्या श्वासातला धुराचा वास आला. चंदी आईच्या मागे लपली नाही. माधुरीही हलली नाही.

"आजून एकदा बोल," बाईजा म्हणाली.

"बाईजाआत्या."

"ओ," म्हातारी म्हणाली. आणि आपल्याच आवाजाला दचकल्यासारखी तिने तोंडावर हात ठेवला.

परतताना बाईक किन्हवलीच्या अलीकडे थांबली. चंदी दोघांच्या मध्ये झोपलेली.

"तुमचं घर गेलं माझ्यामुळे," हरेश म्हणाला.

"तुमच्यामुळे नाही."

"आता मी तुमचा वकील राहिलो नाही. काम संपलं." तो आरशात बघत होता, रस्त्याकडे नाही. "म्हणून विचारतो… शहापुरात माझं घर आहे. भाड्याचं नाही. मी बोलावलं तर… कुणाची हरकत?"

माधुरीने झोपलेल्या चंदीकडे पाहिलं. मग आजूबाजूच्या रिकाम्या वावरांकडे. बराच वेळ कुठूनही काही उत्तर आलं नाही.

"दिसत तरी नाही कुणाची," ती म्हणाली, आणि कपाळ त्याच्या पाठीला टेकवलं.

पुढे हरेशने बाईजाला तहसीलदारासमोर उभी केली आणि कागदावर ती जिवंत झाली. झोपाळाही मोहाला लागला, तिनेच लावू दिला. लग्नानंतर दर रविवारी तिघं उंबरटेंभ्याला जात. माधुरी फाट्यापासूनच हाक मारी, आतून "ओ" येई, आणि चंदी धावत सुटे. गाव मात्र अजून दुसरीकडेच बघतं.

सध्या माधुरीला नववा महिना लागलाय आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय. हरेशचा पाय प्लास्टरमध्ये आहे. उलटा नाही, चंदी रोज तपासते. बाईजाला त्यांनी एक साधा फोन घेऊन दिला होता. ती दर संध्याकाळी उचलायची, "ओ" म्हणायची आणि ठेवून द्यायची, बस. गेले काही दिवस फोन भलतंच कुणीतरी उचलतं. "कोण बाईजा? इथं कोण नाय," म्हणतं. आणि मागे कुणीतरी झाडत असल्याचा आवाज येतो… की तो वारा असतो, माधुरीला कळत नाही.

म्हणून ती तुम्हालाच विचारते आहे. मुरबाडच्या बाजूने कधी जाणं झालं, तर उंबरटेंभ्याच्या फाट्याला जरा आत वळाल का? गावात विचारू नका, ते नाहीच म्हणतील. सरळ मोहाच्या झाडाखाली जा, कुंपणाकडे तोंड करा आणि तिला नावाने हाक मारा. लगेच निघू नका. तिला उत्तर द्यायला वेळ लागतो.